मदत हवी आहे: वाटून दिलेलं काम शेवटी माझ्याकडेच येतं

४ महिन्यांपूर्वी माझ्याकडे ६ जणांच्या टीमची जबाबदारी आली. सगळे कालपर्यंत माझ्या बरोबरीने काम करणारेच. अडचण अशी, की काम वाटून देतो, पण मुदतीच्या आदल्या दिवशी ते अर्धवट हातात येतं आणि मग रात्री बसून मीच पुरं करतो. परवा मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातही तेच केलं: तिच्या हातातली कात्री घेऊन मीच कापायला लागलो. नंतर तिने त्याला हात लावला नाही. टीमचंही मी हेच करून ठेवलंय, असं आता वाटतं.

काय हवं ते लेखी दिलं, सोबत जुन्या कामाचा नमुनाही दिला. चुका कमी झाल्या, उशीर तसाच. रोज विचारपूस केली तर दोघांना तो अविश्वास वाटला. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, हे बरंच झालं. एकदा अर्धवट काम तसंच परत पाठवलं, तर मुदत चुकली आणि सगळ्यांनीच बोलणी खाल्ली.

माणसं किंवा मुदत बदलणं माझ्या हातात नाही. त्यांना काम येत नाही असंही नाही. मी आठवडाभर रजेवर असताना सगळं वेळेत झालं होतं. म्हणून प्रशिक्षणाचा सल्ला नको.

ज्यांनी ही सवय मोडली आहे त्यांना विचारायचंय: १० दिवसांच्या कामात मधली तपासणी नेमकी कितव्या दिवशी ठेवता, आणि अर्धवट काम समोर आलं की ते स्वतःकडे न घेता पहिलं वाक्य काय बोलता?