मदत हवी आहे: डब्ल्यूसी पॉलिसीचा प्रीमियम आटोक्यात कसा आणावा?

पत्रा_पंच (ऑगस्ट 2024)

नमस्कार मंडळी. सातपूरला आमचं छोटं प्रेस शॉप आहे. पॉवर प्रेस, थोडं फॅब्रिकेशन, आणि अधूनमधून बाहेर साइटवर शेड उभारायची कामं. पगारपत्रकावर 23 माणसं, शिवाय साइटला ठेकेदाराची सहा-आठ. डब्ल्यूसी पॉलिसीचं (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराला मालकानं द्यायच्या भरपाईचा विमा) नूतनीकरण आलंय. (कागदोपत्री आता ईसी, एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन, पण एमआयडीसीत अजून सगळे डब्ल्यूसीच म्हणतात.) गेल्या वर्षी दोन क्लेम झाले, एक बोटाचा, एक साइटवर पडल्याचा, म्हणून यंदा दर चढवून आलाय.

एजंट म्हणतो, "पगार थोडे कमी दाखवू, सगळेच दाखवतात." शेजारच्या गाळ्यातले म्हणतात, ही पॉलिसी सोडा, ग्रुप अपघात विमा घ्या, स्वस्तात पडतो. माणसांच्या संरक्षणाला हात लावायचा नाहीये. पण खर्च नक्की कुठे कमी करता येतो, जाणकारांनी सांगावं.

हजारी_दर

आधी एक सांगा. 23 पैकी ईएसआयसीत (सरकारी कामगार विमा योजनेत) किती आणि पॉलिसीच्या यादीत किती?

पत्रा_पंच

ईएसआयसीत 17. बाकी सहा जणांचा पगार त्यांच्या महिना 21,000 च्या मर्यादेवर आहे: टूलरूमचे दोघं, दोन सुपरवायझर, एक वेल्डर आणि अकाउंटंट. पॉलिसीत 23 च्या 23.

हजारी_दर

मग गळती सापडली. एकाच माणसासाठी दोनदा पैसे भरताय. ईएसआय कायद्याचं कलम 53 स्पष्ट आहे: विमाधारक कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई ईएसआयसीकडून, मालकाकडे नुकसानभरपाई कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही. त्या 17 जणांपोटी तुम्ही पगाराच्या 3.25 टक्के अंशदान भरताच आहात, वर त्यांचा पगार डब्ल्यूसीतही धरलाय. पॉलिसीत फक्त ईएसआयसीबाहेरचे लोक हवेत. तुमच्यातला कोणी इरेक्शनला (शेड उभारायला) बाहेरगावी गेला म्हणून त्याचं ईएसआयसी सुटत नाही, त्यामुळे एजंट "साइटसाठी असू द्या" म्हणाला तरी ऐकू नका.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. नवा माणूस पहिल्या दिवशीच नोंदवा. अपघातानंतर नोंदणी केली की तारखांवरून वाद होणारच. दुसरं, पगारवाढ देऊन कोणी 21,000 ओलांडले तर तो चालू सहामाही अंशदान काळ संपेपर्यंत ईएसआयसीत राहतो, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर. ओव्हरटाइम या मर्यादेत मोजत नाहीत, अंशदानासाठी मात्र मोजतात. 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला कोण बाहेर पडलं ते बघून त्याच दिवशी त्याचं नाव पॉलिसीत चढवा. मी विमा कंपनीत होतो तेव्हा सगळ्यात वाईट प्रकरणं याच फटीतली असायची: माणूस ना ईएसआयसीत, ना पॉलिसीत.

आता दर. प्रीमियम वर्षाच्या पगारावर हजारी दरानं (दर हजार रुपये पगारामागे इतके) लागतो आणि दर कामाप्रमाणे बदलतो. टेबलावर बसणारा, टूलरूमवाला आणि उंचीवर चढणारा, तिघांचे दर वेगळे. तुमचा अकाउंटंट कुठल्या वर्गात टाकलाय ते बघा. पैज लावतो, प्रेस ऑपरेटरच्याच दरात असेल.

पत्रा_पंच

आत्ता पॉलिसी काढून बघितली. सगळ्यांना एकच वर्ग लावलाय, "मेटल वर्क्स". अकाउंटंटसुद्धा!

बिनकामाचा_बंडू

अकाउंटंटचं बोट कॅल्क्युलेटरमध्ये अडकू शकतं हो.

पायरी_कोर्टाची

मी कामगार न्यायालयात वकिली करते, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते.

पगार कमी दाखवायचा विचार सोडा. भरपाईच्या हिशेबात मासिक वेतन 15,000 पर्यंतच धरतात, जानेवारी 2020 पासून. म्हणून लोकांना वाटतं 15,000 दाखवले की झालं. तसं नसतं. पॉलिसीला प्रत्यक्ष दिलेला पगार लागतो. 24,000 देऊन 12,000 दाखवलेत तर विमा कंपनी त्याच प्रमाणात हात आखडते, भरपाई ठरवणारे आयुक्त मात्र पूर्ण रकमेचा आदेश काढतात. मधली तफावत तुमच्या खिशातून.

आकडा किती मोठा होतो ते बघा. 30 वर्षांच्या कामगाराचा गुणांक (कायद्यानं वयाप्रमाणे ठरवलेला) 207.98. मृत्यू झाला तर 15,000 च्या निम्मे गुणिले हा गुणांक, म्हणजे 15,59,850 रुपये. तर्जनीचं एक पेर गेलं तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईक्षमतेचं 9 टक्के नुकसान धरलंय. 15,000 च्या 60 टक्के, गुणिले गुणांक, त्याचे 9 टक्के: साधारण 1,68,000. एका पेराचे!

ग्रुप अपघात विमा चांगला आहे, जरूर घ्या, पण डब्ल्यूसीच्या जागी नाही. तो कामगाराला जादा लाभ देतो, तुमची कायदेशीर जबाबदारी त्यानं फिटत नाही. वैद्यकीय खर्चाचं जोडकलम काढून प्रीमियम वाचवू नका. 2009 च्या दुरुस्तीपासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकावर आहे.

आणि भरपाईचे पैसे वेळेत जमा करा. महिना उलटला की 12 टक्के व्याज, शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड विमा कंपनी भरत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच ते सांगितलंय. व्याजही पॉलिसीतून वगळलेलं असू शकतं, शर्ती वाचा.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल: नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जखमी कामगार थेट तुमच्याकडे येऊ शकतो. नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची मुभा आहे, पण तोवर ठेकेदाराचा फोन लागला पाहिजे ना! काम सुरू होण्याआधी त्याचं ईएसआयसी चलान आणि उरलेल्यांची पॉलिसी हातात घ्या, नाहीतर तुमच्या पॉलिसीत ठेकेदारी कामगारांचं कलम घालून तो खर्च त्याच्या बिलातून वळता करा.

बोटं_दहाच्या_दहा

वरचं सगळं कागदाचं झालं. आता मशीनकडे या. क्लेम येतच राहिले तर पुढच्या वर्षी दर पुन्हा चढणार, यादी कितीही स्वच्छ असो. मी प्रेस शॉपमध्येच म्हातारा झालो.

टू-हँड बटण (दोन्ही हातांनी दाबायचं) आहे का? असेल तर रात्रपाळीला न सांगता जाऊन बघा. एका बटणात पाचर ठोकून ठेवलेली सापडेल आणि माणूस एका हातानं जॉब सरकवत असेल. त्याला झापून काही होत नाही. त्याचा पीस रेट बघा. ताशी नगांवर पैसे असतील तर पाचर परत येणारच. आम्ही पीस रेट काढून हजेरीवर बोनस लावला, आणि बटणं अशी बसवली की दोन्ही एकदम दाबल्याशिवाय आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय प्रेस पुढे चालतच नाही. छोटे जॉब चिमट्यानं किंवा मॅग्नेटनं भरायचे, हात डायच्या आत जायचाच नाही. डाय सेटिंगच्या वेळी सेफ्टी ब्लॉक (प्रेस खाली येऊ नये म्हणून मधे ठेवायचा ठोकळा). सेटिंगवाल्याचीच बोटं जास्त जातात, ऑपरेटरची नाही.

पत्रा_पंच

काका, बोटाचा क्लेम सेटिंगवाल्याचाच होता. एजंट म्हणतो, त्यानं गार्ड काढला होता म्हणून जबाबदारी येत नाही. खरंय का?

पायरी_कोर्टाची

मुद्दाम गार्ड काढला असेल तर कायद्यात बचाव आहे, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो चालत नाही. आणि "मुद्दाम" हे सिद्ध तुम्ही करायचं. सेटिंग करताना गार्ड काढावाच लागतो, त्यामुळे तुमच्या केसमध्ये हा बचाव टिकणं कठीण. बचावाच्या भरवशावर बजेट करू नका.

हजारी_दर (डिसेंबर 2025)

धागा वर काढतोय. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. 1923 चा नुकसानभरपाई कायदा आणि ईएसआय कायदा दोन्ही तिच्यात गेले, त्यामुळे वरचे कलम क्रमांक आता जुने समजा. नूतनीकरणाआधी दोन गोष्टी बघा. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही, नोकरीशी संबंध दिसला तर, भरपाईत येतो. आणि वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे.

पत्रा_पंच

म्हणजे बेसिक छोटं आणि भत्ते मोठे असलेल्यांचा घोषित पगार वाढणार? सुपरवायझर दोघं तसेच आहेत.

हजारी_दर

हो. त्या दोघांचं पगारपत्रक आधी नव्यानं मांडा, मगच कोटेशन मागवा.