मदत हवी आहे: नव्या फोनचा सोस कसा सोडवावा?

धाकट्या भावाला दरवर्षी नवा फोन लागतो. हातातला धडधाकट असतो, पण नवं मॉडेल आलं की याचा जीव वरखाली. खणात एक स्मार्टवॉच पडलंय, त्याच्या स्क्रीनवरची फिल्मसुद्धा काढलेली नाही. हप्ते मात्र चालूच, आणि मला काळजी त्याचीच आहे.

या वेळची सबब बॅटरीची. बऱ्याच फोनची लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमतेवर येते, हे खरं. पण मग बॅटरीच बदलावी ना! सिक्युरिटी अपडेट अजून येतायत.

रागावलं तर लपवून घेईल. तुमच्यापैकी कोणी घरात असं कुणाला सावरलंय का? नेमकं काय केलंत? खरेदी महिनाभर पुढे ढकलायला लावून फरक पडतो का?