पासपोर्टवरचं जन्मस्थळ आणि सरहद्दीवरचे अनुभव: तुमचेही लिहा

शाहूपुरी तिसरी गल्ली
गणपतीच्या आधीची साफसफाई काढली होती. माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांचा जुना पासपोर्ट सापडला, कोपरा कातरून रद्द केलेला. जन्मस्थळ: कराची. तो शब्द बघितला आणि २००३ मधला तो दिवस डोळ्यापुढं उभा राहिला. झाडलोट तशीच टाकून लिहायला बसलोय.

आजोबा कराचीला बंदरात कारकून होते. तेव्हा तिकडं मराठी माणसं बरीच होती. थोरले काका १९३४ चे, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता, १९३६ ला वेगळा झाला. बाबा १९४३ चे. घर तेच, खोलीसुद्धा तीच. जून १९४७ मध्ये सगळे बोटीनं मुंबईला आणि तिथून कोल्हापूरला आले. म्हणजे पाकिस्तान व्हायच्या आधीच बाबांनी कराची सोडली होती.

२००३ ला ताईचं बाळंतपण होतं म्हणून आई, बाबा आणि मी अमेरिकेला गेलो. विमानतळाचं नाव लिहीत नाही. आईच्या पासपोर्टवर शिक्का बसला, माझ्यावर बसला. बाबांचा उघडला आणि खिडकीतल्या माणसानं फोन उचलला. बाबांना आत नेलं. त्यांना शुगर होती, गोळ्या माझ्याजवळ, म्हणून कसंबसं मला सोबत बसू दिलं.

चार तास. "पाकिस्तान कधी सोडलंत?" बाबा म्हणाले, "मी पाकिस्तानात एक दिवसही राहिलेलो नाही." समोरच्यानं कराचीवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं दुसरा आला, तोच प्रश्न. मग तिसरा. बोटांचे ठसे, फोटो, तिकडं कोण नातेवाईक आहेत, पैसे कुणाला पाठवता का.

जेवायची वेळ टळली, बाबांचा हात कापायला लागला. ताईसाठी नेलेली भडंगाची पिशवी फोडली. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला आणि चिमूट चिमूट खायला लागले. एक शेंगदाणा खाली पडला, तो वाकून उचलला आणि खिशात टाकला. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, फरशीवर काही सांडलं तर हे लोक काय म्हणतील म्हणून भ्यालेला. मला ते आजही बघवत नाही.

शेवटी सोडलं. का थांबवलं ते कुणी सांगितलं नाही.

कुणावर जन्माच्या गावावरून, देशावरून असं आलं असेल तर लिहा. छोटं असलं तरी लिहा.

पंचगंगाकाठ
वाचून गलबलून आलं. एक विचारू का, सर भूमिती शिकवताना खडूला दोरा बांधून फळ्यावर वर्तुळ काढायचे का?

शाहूपुरी तिसरी गल्ली
हो!! तेच.

पंचगंगाकाठ
अरे मग मी त्यांचा विद्यार्थी. ८४ ची बॅच. पायथागोरस त्यांच्यामुळं आला मला. त्या माणसाला चार तास बसवलं?? सर आता...?

शाहूपुरी तिसरी गल्ली
२०१४ ला गेले.

पंचगंगाकाठ
माझा नमस्कार पोचवायचा राहून गेला.

गांधीनगरची लेक
दुकानातून लिहितेय, गिऱ्हाईक आलं तर मधेच तुटेल. आमचे दादाजी १९३८ चे, जन्म शिकारपूर, सिंध. फाळणीनंतर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आले, तेच आमचं गांधीनगर. पासपोर्टच्या फॉर्मात त्यांच्यासारख्यांना जन्मदेशाला 'अविभाजित भारत' असा पर्याय असतो. तो निवडताना दादाजी खूश झाले होते, म्हणाले, बघ, सरकारला आठवण आहे.

पण दुसऱ्या देशाच्या व्हिसाच्या फॉर्मात हा पर्याय कुठून असणार? तिथं यादीत पाकिस्तान, नाहीतर भारत. भारत लिहिलं तर शिकारपूर भारतात नाही म्हणून फॉर्म परत. पाकिस्तान लिहिलं तर जास्तीचे कागद, जास्तीची चौकशी. दादाजी परदेशातल्या प्रदर्शनाला निघाले होते. बरोबरच्या चारही व्यापाऱ्यांचा व्हिसा आठवड्यात आला, दादाजींचा सात आठवड्यांनी. तोवर प्रदर्शन संपलं होतं. कापडाचे नमुने घडी करून बॅगेत तसेच होते, पुढं कित्येक महिने ती बॅग कुणी उघडली नाही.

आले, थांबा

कळंबा रोड
@शाहूपुरी, २००२-०३ हा सगळा त्या 'स्पेशल रजिस्ट्रेशन'चा काळ. सप्टेंबर २००२ पासून अमेरिकेनं ठरावीक देशांच्या १६ वर्षांवरच्या पुरुषांची नोंदणी सुरू केली होती. यादी वाढत वाढत २५ देशांवर गेली, त्यात पाकिस्तान होता. नियम नागरिकत्वावर, पण खिडकीतल्या माणसाला संशय वाटला तर तो आणखी कुणालाही त्यात घालू शकायचा. तुमच्या बाबांचं तसंच झालं असणार. २०११ ला ते थांबवलं, नियम कागदावरून गेला डिसेंबर २०१६ मध्ये. आणि लगेच जानेवारी २०१७ ला सात देशांच्या लोकांना अमेरिकेत यायची बंदी आली.

लेखक रोहिंटन मिस्त्री आठवतात का? मुंबईत जन्मलेले पारशी, नागरिक कॅनडाचे. २००२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतला दौरा अर्धवट सोडून परत गेले, प्रत्येक विमानतळावर त्यांनाच बाजूला घेत होते म्हणून. त्याच सुमारास कॅनडानं इराण, इराक, सीरियासारख्या देशांत जन्मलेल्या आपल्या नागरिकांना सांगितलं होतं, अमेरिकेला जाताना विचार करा.

न्यू जर्सीत बावडेकर
माझा अनुभव उलटा आहे आणि तो सांगताना मला बरं वाटत नाही.

इथं नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग पासपोर्टवर नसते, जन्मदेशावर असते. एका देशात जन्मलेल्यांना एकूणातले सात टक्के, त्याच्यावर नाही. भारतात जन्मलेले इतके जास्त की रांग हलतच नाही. मी कसबा बावड्यात जन्मलो, म्हणजे त्या रांगेत. पण बायको मस्कतला जन्मली, सासरे तिकडं नोकरीला होते. ती दोन वर्षांची असताना ते परत इचलकरंजीला आले, मस्कत तिला आठवतही नाही. पण नियमात जोडीदाराचा जन्मदेश चालतो. तिच्या ओमानवर आमचं दोघांचं काम झालं.

माझ्याबरोबर लागलेला सोलापूरचा मित्र, तोच हुद्दा, तोच पगार, अजून रांगेत. वडील गेले तेव्हा त्याच्या व्हिसावर शिक्का मारायचा राहिला होता. गेलो आणि परत येता आलं नाही तर पोरांची शाळा, घराचं कर्ज... तो गेला नाही. अंत्यविधी त्यानं आमच्या हॉलमध्ये बसून फोनवर बघितला. मी शेजारी होतो.

राजारामपुरी ७
😔

लीड्सची पाहुणी
हा धागा बघून तीन दिवस लिहू की नको चाललं होतं. लिहिते.

माझं माहेर मंगळवार पेठ. नवरा ब्रिटिश, जन्म लीड्सचा, वाढला लीड्सला. पण त्याचे वडील मीरपूरहून आलेले. आपल्या भारताच्या व्हिसाच्या फॉर्मात आई-वडील, आजी-आजोबा पाकिस्तानचे आहेत का हे विचारतात. हो लिहिलं की ई-व्हिसा बंद, साध्या व्हिसाला अर्ज करायचा आणि वाट बघायची. ओसीआयचं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना कायमचं येता-जाता यावं म्हणून मिळतं ते कार्ड) तर नावच नको, पणजोबांपर्यंत कुणी पाकिस्तानचं नागरिक असलं तरी मिळत नाही.

भावाच्या लग्नासाठी पाच महिने आधी अर्ज केला. दर आठवड्याला उत्तर एकच, विचाराधीन आहे. लग्नाला मी आणि मुलगी दोघीच आलो. मुलीचा व्हिसासुद्धा शेवटच्या आठवड्यात आला, ती चार वर्षांची होती. कानपिळीला तिचा मामा म्हणाला, दाजी असते तर... आणि आईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्यानं तिकडं बसून सगळं लग्न फोनवर बघितलं, सारखी रेंज जात होती.

अमेरिकेनं आपल्या माणसांना वागवलं ते वाईटच. पण आपल्या दारातही हेच चालतं, ते इथं लिहिलं नाही तर मला झोप यायची नाही.

रंकाळा वॉकर
ताई, तुमचं दुःख खरंय. पण २६/११ नंतर सरकारनं काय करायचं? खबरदारी घ्यावीच लागते की. माझा मावसभाऊ त्या रात्री सीएसटीला होता, वाचला. त्यामुळं मला हे नियम चुकीचे वाटत नाहीत.

कळंबा रोड
भाऊ वाचला हे मोठं. पण २६/११ ची रेकी केली ती डेव्हिड हेडलीनं. जन्म वॉशिंग्टनचा, पासपोर्ट अमेरिकेचा, २००६ ला नाव बदललेलं, बाप पाकिस्तानी, पण व्हिसाच्या फॉर्मात त्याच्याबद्दल खोटं लिहिलं. तो आत आला. खरं लिहिणारा ताईंचा नवरा बाहेर राहिला. माणूस तपासा, त्याबद्दल कोण नाही म्हणतंय?

रंकाळा वॉकर
हे मला माहीत नव्हतं. विचार करतो. ताई, चार वर्षांच्या पोरीचं वाचून मात्र वाईट वाटलं, मनापासून.

लीड्सची पाहुणी
तुम्ही वाचलंत तेच पुष्कळ आहे दादा. मावसभावाला सांभाळा.

एमएच शून्य नऊ
देश सोडा, आमच्या बहिणीकडं जायचं म्हटलं तर कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका आडवा. बहीण निपाणीला दिली, ४० किलोमीटर. २०२१ ला कोरोनात आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय सोडत नव्हते, ठीक, रोग होता. पण डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्न पेटला तेव्हा बेळगावपुढं हिरेबागेवाडीला एमएच पाटी दिसली की ट्रकवर दगड. आमचा ड्रायव्हर पोरगा त्या आठवड्यात माल घेऊन हुबळीला निघालेला. मालकानं कागलातनं परत बोलावला. पोरगा मराठी, आई कन्नड, घरात दोन्ही भाषा. पाटीला काय कळतंय

निपाणी बसस्टँड
इकडं पण तेच वो. पोराला महाराष्ट्रात ॲडमिशनला नेलं तर पैला प्रश्न, जन्म कुठला? कर्नाटक. मग सीमाभागाचा दाखला आणा. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांतलं आहे का बघा. घरात मराठी, दारावर मराठी, पाहुणे सगळे कोल्हापुरात, आणि हे दाखले गोळा करत फिरतोय. लई वाईट वाटतंय.

राजारामपुरी ७
दादा कुठला कोर्स? माझ्या भाच्याचं झालंय गेल्या वर्षी, कागद कुठले लागले ते विचारून सांगते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वळिवडे फाटा
गांधीनगरच्या ताईंनी छावणी म्हटलं म्हणून. सिंधी लोक यायच्या आधी त्याच बराकीत पोलंडचे निर्वासित होते, १९४३ ते ४८, पाच हजारांच्या घरात, बायका-मुलं जास्त. रशियानं सैबेरियाला नेलेले, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडं आले. युद्ध संपलं तरी बऱ्याच जणांना घरी जाता येईना, कारण त्यांची गावं पूर्व पोलंडातली आणि तो भाग रशियाकडं गेलेला. घर जागेवर, देश हलला. तुमच्या कराचीसारखंच.

२०१९ ला पोलंडहून पाहुणे आले होते तेव्हा एका आजींना मी पाणी दिलं. त्यांनी पासपोर्ट काढून दाखवला. जन्म छावणीतला, जन्मस्थळ वळिवडे! मी विचारलं, हे बघून कुणी अडवतं का? म्हणाल्या, अडवत नाहीत, हे कुठं आहे विचारतात, आणि मला सांगायला आवडतं. माझी आजी त्या छावणीत दूध घालायची. तिला दोन-चार पोलिश शब्द यायचे, ते मी त्या आजींना म्हणून दाखवले तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

गांधीनगरची लेक
परत आले. @वळिवडे फाटा, आमच्या बराकीच्या भिंतीवर खिळ्यानं कोरलेली पोलिश अक्षरं होती, दादाजींनी रंग देताना तेवढी जागा कायम सोडली. घर पाडलं तेव्हा गेली. फोटो काढायला हवा होता.

पंचगंगाकाठ
@शाहूपुरी, नंतर सर परत गेले का तिकडं? आणि जन्मस्थळ मुंबई करून घ्यायचं कुणी सुचवलं नाही?

शाहूपुरी तिसरी गल्ली
सुचवलं की. एजंट म्हणाला, जुना दाखला कुठं आहे तुमच्याकडं, प्रतिज्ञापत्रावर मुंबई करून टाकू. बाबा म्हणाले, "माझी आई तिथं बाळंत झाली. तिचं बाळंतपण मी दुसरीकडं कसं हलवू?" २००९ ला परत गेले, कराची लिहूनच. त्या वेळी वीस मिनिटं थांबवलं. भडंग या वेळी खिशात घेऊन गेले होते.

फर्वानिया, कुवेत
सगळं वाचलं, ड्युटीवर आहे. एक अडचण. मुलगी गेल्या महिन्यात इथं झाली. तिच्या पासपोर्टला जन्मस्थळ कोल्हापूर टाकता येईल का? पुढं तिला कुठं अडवायला नको म्हणून विचारतोय.

न्यू जर्सीत बावडेकर
अभिनंदन! नाही, तसं करू नका. जन्मदाखल्यावर जे आहे तेच लिहा. पण जन्म एक वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंदवा, नाहीतर तिच्या नागरिकत्वाचीच भानगड होते. नोंदवलाय का?

फर्वानिया, कुवेत
नाही अजून. रविवारी सुट्टी टाकतो.