रंग फिल्मचा, की स्कॅन करणाऱ्याचा?

उलटी_पट्टी

फिल्मवर फोटो काढणारे पुन्हा दिसू लागलेत याचा मला आनंदच आहे. मी स्वतः पेंटॅक्स के१००० वापरतो, त्यामुळे हा धागा 'फिल्म विरुद्ध डिजिटल' असा नाही. कृपया तिकडे नेऊ नका. माझं भांडण आहे ते पोर्ट्रा, गोल्ड, एक्टार अशा कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या नावाने चालणाऱ्या गप्पांशी. 'पोर्ट्रावर त्वचा काय सुंदर येते', 'गोल्ड २०० चा उबदारपणा कशालाच नाही', 'एक्टारचा लाल बघा नुसता'. हे सगळं ज्या फोटोंकडे बघून बोललं जातं, ते लॅबने स्कॅन करून मेलवर पाठवलेले जेपेग असतात.

रंगीत निगेटिव्ह एकदा उजेडाला धरून बघा. नारिंगी पट्टी आणि त्यावर उलटे रंग. ती नारिंगी छटा मुद्दाम दिलेली असते. फिल्ममधली रंगद्रव्यं हवी तेवढी शुद्ध नसतात, त्यांची खोट भरून काढायला. आता ही नारिंगी छटा वजा कशी करायची, काळं कुठे धरायचं, पांढरं कुठे, हे स्कॅनर आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस ठरवतो. निगेटिव्ह त्यात तोंड घालत नाही.

पेणला गणपतीच्या कारखान्यात काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. न रंगवलेली शाडूची मूर्ती, डोक्यावर ट्यूबलाइट, दारातून येणारा पावसाळी उजेड. शाडू राखाडी असते, त्यात वाद नाही. एका लॅबच्या स्कॅनमध्ये मूर्ती हिरवट आली, सोंडेखालची सावली तर जास्तच. तीच पट्टी दुसरीकडे दिली, तर मूर्तीला गुलाबी झाक आणि सावल्या तपकिरी. एकीकडे फ्रंटियर स्कॅनर, दुसरीकडे नोरित्सू. फिल्म पोर्ट्रा ४००, निगेटिव्ह तेच. मग पोर्ट्राचा रंग यातला कुठला?

रोल हजाराच्या पुढे गेलाय, धुणं आणि स्कॅन वेगळं. एवढे पैसे मोजून फिल्मच्या नावांवर हमरीतुमरीवर येणारे लोक प्रत्यक्षात दोन जपानी यंत्रांवर भांडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्मचा स्वतःचा रंग बघायचा असेल तर स्लाइड काढा, तिच्यावर रंग सुलटेच उमटतात. नाहीतर कृष्णधवल काढा आणि स्वतः कागदावर छापा. बाकी सगळी हवा.

रविवारचा_सौदा

हजाराचा रोल, वर धुलाई, आणि शेवटी बघायचं मोबाइलवरच. चालू द्या.

ग्रेनची_आई

सौदा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता.

उलटी_पट्टी, असहमत. तुमचा शाडूचा दाखला चांगला आहे, पण त्यातून निघतं एवढंच, की रंगाचा तोल स्कॅन करताना बदलता येतो. ते कुणी नाकारलंय? पण फिल्म म्हणजे फक्त रंगाचा तोल नव्हे.

पहिलं उदाहरण कृष्णधवलचंच घ्या. इलफर्डची ऑर्थो प्लस २०१९ पासून ३५ एमएममध्ये मिळते. तिला लाल दिसतच नाही. माझ्या सासूबाईंचा फोटो मी तिच्यावर काढला. कपाळावरचं कुंकू डांबरासारखं काळं, लुगड्याचे लाल काठ काळे, ओठही गडद. चेहऱ्यावरचे बारीक डाग, जे एरवी जाणवतही नाहीत, ते सगळे वर आले. त्याच बैठकीत इलफर्डच्याच साध्या कृष्णधवल एचपी५ वर काढलेल्या फोटोत कुंकू मध्यम करडं. आता हा फरक कुठल्या स्कॅनरने केला सांगा. घराघरांतल्या फार जुन्या फोटोंत कुंकू असं काळंकुट्ट दिसतं ना, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. तेव्हाच्या पुष्कळ काचा आणि फिल्मना लाल कळत नसे.

दुसरं, सिनेस्टिल ८००टी. ही मूळची कोडॅकची सिनेमाची फिल्म, व्हिजन३ ५००टी. सिनेमाच्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असायचा, रेमजेट. तो आरपार आलेला उजेड गिळायचा. सिनेस्टिलवाले तो थर आधीच काढून टाकायचे, म्हणून दिव्याचा उजेड पाठीवर आपटून परत यायचा. लाल रंग पकडणारा थर सगळ्यांत खाली, पाठीला लागून, त्यामुळे तोच पहिला भाजतो. दिव्याभोवती जे लाल वलय दिसतं ते हेच. ते निगेटिव्हवर कोरलेलं असतं, कुठल्याही स्कॅनरवर न्या. (आपल्याकडे रस्त्यावरचे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी आल्यापासून त्यातली निम्मी मजा गेली, हा भाग वेगळा.)

आणि पोर्ट्रा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त उजेडात काढली तरी आभाळ शाबूत राहतं. स्लाइडवर अर्धा स्टॉप चुकला की पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या गायब. हीसुद्धा हवाच का?

उलटी_पट्टी

ऑर्थोचा मुद्दा मान्य, तो धाग्यात यायलाच हवा होता. पण त्याने माझं म्हणणं पडत नाही, कारण मी कृष्णधवल आधीच बाजूला ठेवलंय. सिनेस्टिल ही मुद्दाम अपंग केलेली फिल्म आहे, तिचं वलय म्हणजे अपघाताचा ब्रँड. दिवस-उजेडात घरच्या माणसांचे, डोंगराचे, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी पोर्ट्रा की गोल्ड यावर रक्त आटवावं का, एवढाच माझा प्रश्न. त्याला तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

स्टुडिओवाले_काका

बरेच दिवसांनी लिहितोय. आमचा स्टुडिओ होता, नंतर मिनीलॅबही टाकली, म्हणजे रोल धुऊन फोटो छापणारं दुकानातलं यंत्र, आता दोन्ही नाहीत. तुम्हा दोघांच्या वादात एक गोष्ट राहून जातेय. हा प्रश्न स्कॅनरने आणलेला नाही.

मिनीलॅबवर मुलगा बसायचा. प्रत्येक फोटो पडद्यावर यायचा आणि त्याच्या हाताशी कळा असायच्या. पिवळा, किरमिजी, निळसर आणि चौथी घनतेची, म्हणजे फोटो गडद-उजळ करणारी. एकेका फोटोला तीन-चार सेकंद, कारण मागे रांग. लग्नाचा रोल आला की पार्टीचा माणूस काउंटरवर वाकून सांगणार, 'नवरी जरा उजळ काढा हां.' पोरगा घनतेची कळ दोनदा खाली दाबायचा. नवरी उजळ, बाजूला उभ्या नवरदेवाचा फेटा पांढरा फटक. अल्बम घरी गेला की लोक म्हणायचे, 'कोडॅकचा रिझल्ट बघा.' कोडॅकचा कुठला, आमच्या पोराचा होता तो.

आणि ही कळ आमच्या पोराने शोधलेली नाही. कोडॅक लॅबना यंत्र लावून घ्यायला नमुन्याचा फोटो देत असे, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाईच. यंत्र तिच्या कातडीवर लावलेलं, मग आपली माणसं त्यातून कशी बाहेर येणार? सावळ्या माणसाचा चेहरा फ्लॅशमध्ये राखेसारखा व्हायचा, नाहीतर काळवंडायचा. तेव्हा 'त्वचा सुंदर येते' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कुणाची?

आता कृष्णधवल शुद्ध असतं या समजुतीबद्दल. उलटी_पट्टी, तुम्ही स्वतः छापता म्हणता, मग कागदावर कॉन्ट्रास्टचे फिल्टर शून्यापासून पाचापर्यंत वापरता की नाही? एन्लार्जरखाली हात हलवून, उजेड अडवून चेहरा उजळ राखता, जास्त उजेड देऊन आभाळ गडद भाजता. आमच्याकडे रिटचर होते, ते निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या भरायचे. शुद्ध बिद्ध काही नसतं. फिल्म अर्धं काम करते, बाकीचं अर्धं दुसरा कोणीतरी करतो. पूर्वी तो पगारी होता, आता तो सॉफ्टवेअर आहे.

ग्रेनची_आई

काका, दंडवत. 'कुणाची?' हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

एडिसनकर

न्यू जर्सीहून वाचतोय. काकांच्या 'अर्ध्या कामा'ला एक जोड. कोडॅकची स्लाइड फिल्म कोडाक्रोम १९३५ ला आली. तिच्या फिल्ममध्ये रंगद्रव्य नसायचंच, ते धुताना घातलं जायचं. के-१४ नावाची ती प्रक्रिया इतकी किचकट, की घरी करणं जवळपास अशक्य. कोडॅकने फिल्म बंद केली २००९ मध्ये, पण ती खरी मेली २०१० च्या शेवटी, कॅन्सासमधल्या पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटोने तिची धुलाई थांबवली तेव्हा. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल फोटोग्राफर स्टीव्ह मॅक्करीला मिळाला होता. त्यातले काही फोटो त्याने मुंबईत येऊन काढले, हिंदी सिनेमातल्या माणसांचे. आजही कुणाच्या फ्रीजमध्ये कोडाक्रोम सापडते, पण तिचा रंग जगात कुठेच मिळत नाही. म्हणजे ज्या फिल्मच्या रंगाचे सगळ्यांत जास्त पोवाडे गायले गेले, तिचा रंगही लॅबच्याच टाकीत होता. उलटी_पट्टींचा मुद्दा मला यात जास्त पटतो, फक्त स्लाइडसुद्धा त्यातून सुटत नाही.

अवांतर: सुट्टीत येताना फिल्म आणत असाल तर विमानतळावर हातात काढून द्या आणि हाताने तपासायला सांगा. नवे सीटी स्कॅनर एका फेरीत फिल्मवर धुकं आणतात. चेक-इन बॅगेत तर अजिबात नको.

निगेटिव्ह_जपा

तुम्ही सगळे फोटो दिसतो कसा यावर अडकलात. मी फिल्म वापरते कारण ती हातात राहते. वडिलांनी क्लिक थ्री या डबा-कॅमेऱ्यावर काढलेली निगेटिव्हं, तेच बडोद्याला बनणारे अ‍ॅग्फाचे डबे, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, आजही जशीच्या तशी आहेत. स्कॅन वाईट झाला? पुन्हा करा. उलटी_पट्टींची शाडूची मूर्तीही दहा वर्षांनी तिसऱ्या कुणाकडून स्कॅन करता येईल. काका म्हणतात ते दुसरं अर्धं पुन्हा पुन्हा करता येतं, हाच तर फायदा.

उलटी_पट्टी

हा मुद्दा मात्र जरा जपून मांडा. पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या पटकन पेटणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मना २००३ मध्ये आग लागली आणि कित्येक जुने मूकपट-बोलपट कायमचे गेले. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला दमटपणात व्हिनेगरचा वास सुटतो आणि ती आक्रसत जाते. रंगीत निगेटिव्हचे रंग कपाटातही उडतात. तुमच्या वडिलांची टिकली, कारण ती कृष्णधवल असावीत आणि घर कोरडं असावं. कोकणात ठेवली असती तर बुरशीने नक्षी काढली असती.

निगेटिव्ह_जपा

कृष्णधवलच आहेत, पण घर चिपळूणला आहे. पत्र्याच्या डब्यात सिलिका जेल, आणि ते तव्यावर भाजून पुन्हा वापरायचं. पावसाळ्यात लेन्सही त्याच डब्यात. कष्ट पडतात, नाही म्हणत नाही.

रविवारचा_सौदा

तव्यावर. बरं.

पहिला_रोल

काका, काकू, सगळेच, मधे घुसतोय. आजोबांचा झेनिट ई कॅमेरा मिळालाय, ५८ एमएमची हेलिऑस लेन्स आहे. पोर्ट्रा घ्यायचं ठरवलं होतं, पण हे वाचून डोकं फिरलं. पहिला रोल कुठला टाकू?

ग्रेनची_आई

एचपी५. स्वस्त नाही, पण माफ करते. एक-दोन स्टॉप इकडेतिकडे झालं तरी फोटो येतो. चारशेची फिल्म (आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी लागतो) सोळाशे म्हणून काढली आणि जास्त वेळ धुतली तरी चालते.

उलटी_पट्टी

एचपी५ मलाही आवडते, पण झेनिट ई ला नको. त्याचा सगळ्यांत जलद शटर १/५०० सेकंद आणि हेलिऑसचं भोक लहानात लहान होतं एफ १६ वर. एप्रिलच्या उन्हात चारशेच्या फिल्मला नेमकं तेवढंच लागतं. म्हणजे दुपारभर लेन्स पूर्ण बंद ठेवून फिरायचं, आणि त्या हेलिऑसचं पार्श्वभूमी धूसर करायचं सुख एकदाही नाही मिळायचं. शंभरच्या आसपासची कृष्णधवल घे, केंटमियर १०० किंवा एफपी४.

ग्रेनची_आई

आणि संध्याकाळी घरात काढायचे असतील तर? शंभरची फिल्म, १/३० चा शटर, आजी हलली की संपलं.

उलटी_पट्टी

आजीला सांगायचं हलू नको. पूर्वी सांगायचेच.

स्टुडिओवाले_काका

पोरा, फिल्म नंतर. आधी मागचं दार उघडून दाराच्या खाचांत बोट फिरव. काळं, चिकट काही बोटाला लागलं तर उजेड अडवणारं अस्तर कुजलंय, उजेड आत शिरणार, रोल जळणार. मुंबईच्या बोरा बझारात करून देतात ते काम, फार खर्च नाही. मग शटर पडदे बघ. रिकाम्या कॅमेऱ्यात १/३० आणि १/५०० वर दाबून आवाज वेगळा येतो का ऐक. वरचं सेलेनियमचं मीटर बहुतेक मेलेलं असेल, त्याच्यावर विसंबू नको, मोबाइलमधलं ॲप चालेल.

कृष्णधवल घरीच धू, लॅबला देऊ नको. डी-७६ या फिल्म धुण्याच्या रसायनासाठी पाणी वीस अंश हवं, उन्हाळ्यात आपला नळ तीस अंशांच्या वर असतो. तेव्हा डबा बर्फाच्या पाण्याच्या परातीत उभा कर, थर्मामीटर घाल आणि मगच घड्याळ लाव. आणि वापरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं द्रावण, मोरीत ओतू नकोस, त्यात चांदी उतरलेली असते. आमच्याकडे तो विकत न्यायला माणूस यायचा.

पहिला_रोल

बोटाला काळं लागलं, काका.

ग्रेनची_आई

मग आधी बोरा बझार. वाटेत एचपी५ घे.

उलटी_पट्टी

केंटमियर १००.