शब्दचर्चा: फायटिंग गेममधला ‘ठेक्याचा’ वार – ताल, लय की ठेका?

प्रश्न
ज्या स्पेशल मूव्हमध्ये बटणं ठरावीक अंतरानं दाबावी लागतात, तिला मराठीत काय म्हणावं? ‘तालबद्ध हल्ला’ वाचलं की कवायत आठवते.

दीडदांडी
‘तालबद्ध’ नकोच. दोन ठोक्यांमधलं अंतर म्हणजे लय. आवर्तनाचा साचा म्हणजे ताल. त्या तालाचे ठरलेले बोल म्हणजे ठेका. टेक्केन या फायटिंग गेममधली दहा फटक्यांची माळ घ्या: बटणांचा क्रम ठरलेला, पण अंतरं सारखी नाहीत. काही फटके लागोपाठ, काही जरा थांबून. सगळी बटणं एकाच वेगानं बडवली की माळ मधेच तुटते. हा ठेका.

निम्मीमात्रा
मग स्ट्रीट फायटर या गेममधल्या फेई लाँग या पात्राच्या रेक्काकेनला, म्हणजे लागोपाठच्या तीन ठोशांना, ‘तिहाई’ म्हणायला काय हरकत? खाली, तिरकं-पुढे, पुढे आणि पंच. हेच तीनदा.

दीडदांडी
दिसायला तिहाई, पण नाही. तिहाईत तिन्ही तुकडे एका मापात बसतात आणि शेवटच्याचा अखेरचा ठोका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. रेक्काकेनमध्ये पहिला ठोसा लागला की अडवला गेला हे पाहून दुसरा मुद्दाम उशिरा सोडता येतो, तिसरा गिळताही येतो. समोरच्याला फसवायचं ते तिथेच. अंतर आपल्या हातात, म्हणून ‘लय’.

काळीपाच
‘सम’ मात्र दुसरीकडे चपखल बसतो. टेक्केनमधला मिशिमा घराण्याचा विजेचा ठोसा: पुढे, स्टिक मोकळी, खाली, मग तिरकं-पुढे आणि उजवा पंच एकाच फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकाच चित्राला. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. पंच जरा मागे राहिला तर ठोसा निघतो, पण वीज नाही. साधा ठोसा अडवला गेला की समोरचा लगेच मारतो. विजेचा अडवला तरी पुढची चाल आपली. बहुतेकांचा अंगठा किंवा बोट पंचावर उशिरा पडत नाही, स्टिक तिरक्या कोनात लवकर जाते. आधी पंच विसरून फक्त स्टिकची, म्हणजे पात्राच्या पायांची चाल घोटावी. ‘वीज समेवर पडली’ असं म्हणून बघा.

निम्मीमात्रा
ठरल्या वेगानं ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचा उपयोग होतो का?

काळीपाच
माळेसाठी होतो. मिनिटाला १२० ठोके म्हणजे एका मात्रेत ३० फ्रेम, १८० म्हणजे २०. पण टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्रच दोन-तीन फ्रेम उशिरा येत असेल तर डोळ्यांवर विसंबून दाबलेलं प्रत्येक बटण मागे पडणार, आणि आपण उगाच लयीला दोष देणार.

दीडदांडी
ठेका बचावातही असतो. २००४च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, स्ट्रीट फायटरमध्ये केन हे पात्र खेळणाऱ्या दाइगो उमेहारानं समोरच्या चुन-लीच्या सुपरच्या (मोठ्या खास हल्ल्याच्या) १५ लाथा पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी परतवल्या. प्रत्येक लाथेला स्टिक पुढे टेकवून पुन्हा मोकळी करायची. केनची ताकद इतकी कमी उरली होती की नुसतं अडवूनही हरला असता. लाथा सरींनी येतात, मधे विराम असतो, आणि तो विराम मोजला नाही तर स्टिक आधीच टेकते. दुसऱ्यानं धरलेला ठेका आपण पकडायचा, म्हणून इथे ‘साथ’ म्हणेन.

काळीपाच
‘साथ’ आवडला. ‘पॅरी’ला मात्र ‘पॅरी’च राहू द्या.