वारीच्या वाटेवर आईचा फोन दिवसभर कसा टिकवावा?

प्रश्न | वारकऱ्याची_लेक

माझी ६४ वर्षांची आई यंदा माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जाणार आहे. गेल्या वर्षी ती पुणे ते सासवड एवढाच टप्पा चालली होती. जो फोन घरी रात्री झोपेपर्यंत निम्मा भरलेला असतो, तो त्या दिवशी दिवे घाट चढण्याआधीच बंद पडला आणि संध्याकाळपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला. तिने दिवसभरात दोनच फोन केले होते, बाकी वेळ तो पिशवीत होता. फोन दोन वर्षांचा, ५,००० एमएएच बॅटरीचा आणि दोन सिमचा आहे. न वापरता बॅटरी कशी संपते आणि या वेळी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. दिंडीच्या ट्रकवर रात्री जनरेटर असतो, परंतु एका बोर्डावर तीस-तीस फोन लटकलेले असतात.

प्रतिसाद | तारायंत्र

पिशवीतला फोन स्वस्थ पडून आहे असे आपल्याला वाटते, पण ते खरे नाही. टॉवर दूर असला किंवा मध्ये डोंगर आला की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोनला अधिक शक्ती लावावी लागते, आणि रेंज पूर्ण गेली की तो पुन्हा पुन्हा नेटवर्क धुंडाळत राहतो. दोन सिम असल्यास हा उद्योग दोन्हींसाठी चालतो.

वारीत याहून मोठे कारण गर्दीचे असते. रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण आजूबाजूचे लाखो फोन त्याच मोजक्या टॉवरांकडे धाव घेत असल्यामुळे डेटा पुढे सरकत नाही. मग व्हॉट्सॲपवर अडकलेला एखादा फोटो जाण्यासाठी आणि गटांवर आलेले वीस व्हिडिओ उतरण्यासाठी फोन तासन्‌तास धडपडतो, आणि स्क्रीन काळी असल्याने हे आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून सकाळी निघताना मोबाइल डेटा बंद करावा आणि दुसरे सिम सेटिंगमधून बंद ठेवावे. व्हीओएलटीई (फोर-जी नेटवर्कवरून साधा कॉल करण्याची सोय) चालू असेल तर डेटा बंद असतानाही साधे फोन येतात-जातात. तरी हे घरीच एकदा करून पाहावे. फाइव्ह-जी फोन असल्यास तो फोर-जीवर आणावा. काही जण टू-जीवर ठेवण्याचा सल्ला देतात, पण सिम जिओचे असेल तर तसे करू नये, कारण जिओचे टू-जी नेटवर्कच नाही आणि फोन निव्वळ शोभेचा उरेल.

दर पाच मिनिटांनी सगळी ॲप सरकवून बंद करण्याच्या सवयीने काही वाचत नाही. तेच ॲप पुन्हा नव्याने उघडायला उलट जास्त खर्च येतो.

प्रतिसाद | रथामागची_दिंडी

माउली, मी सात वेळा ही वाट चाललो आहे. आमच्या दिंडीत बहुतेक जण चालताना फोन विमान मोडवर ठेवतात आणि दुपारच्या विसाव्याला व रात्री समाज आरतीनंतर घरी बोलतात. दोन वेळा ठरलेल्या असल्या की घरचेही उगाच फोन लावत बसत नाहीत. एवढ्याने माझा फोन दोन दिवस सहज जातो.

फोन टिकला तरी माणूस चुकायचे ते चुकतेच, हेही सांगून ठेवतो. दिंडीचा क्रमांक, ती रथापुढची की रथामागची, आणि दिंडीचालकांचा व तुमचा फोन नंबर कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईंच्या गळ्यात द्यावा. आषाढसरींत फोनचे चार्जिंगचे भोक ओले झाले तर ते पूर्ण वाळेपर्यंत वायर लावू नये. आमच्यातल्या एकाचा फोन अशा घाईनेच गेला.

वारकऱ्याची_लेक

दोघांचेही आभार. विमान मोडची अडचण अशी की आई तो लावेल, पण काढायला विसरेल. पॉवर बँक घ्यावी का? बाजारात सौर पट्टी असलेल्याही दिसतात.

प्रतिसाद | तारायंत्र

मग विमान मोड नकोच. डेटा आणि दुसरे सिम बंद, एवढेच ठेवा. जमल्यास आईंचे सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, तो एका चार्जिंगवर काही दिवस चालतो. जिओचे सिम असेल तर मात्र फोर-जीचाच बटणफोन लागेल.

पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरे आहे, पण तिने ५,०००चा फोन दोनदा भरेल असे समजू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ऊर्जा ३७ वॉट-तास. ती ५ व्होल्टवर चढवताना आणि पुन्हा फोनमध्ये भरताना बराच भाग उष्णतेत जातो. त्यामुळे सव्वा ते दीड वेळा फोन भरला तर समाधान मानावे. शिवाय साध्या १० वॉटच्या चार्जरवर ती स्वतः भरायला चार-पाच तास घेते, तेव्हा जनरेटरच्या बोर्डावर तिचा नंबर रात्री लवकर लावावा. पुणे आणि सासवड येथे दोन-दोन मुक्काम असतात, तिथे निवांत चार्जिंग करून घेता येते.

सौर पॉवर बँकेवर पैसे घालवू नयेत. तळहाताएवढी पट्टी कडक उन्हात जेमतेम एक-दीड वॉट देते; त्या हिशेबाने ३७ वॉट-तास भरायला ऐन उन्हाळ्यातही कित्येक दिवस लागतील, आणि आपण तर आषाढाच्या ढगांखाली चालणार.

वारकऱ्याची_लेक

सिम जिओचेच निघाले, म्हणून फोर-जी बटणफोन मागवला आहे आणि गळ्यातला कागदही लिहून झाला. स्मार्टफोन मात्र आई सोडायला तयार नाही, कारण लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबापाशी होणारे उभे रिंगण तिला नातवासाठी टिपायचे आहे. तेव्हा तो तरडगावच्या वाटेपर्यंत बंद करूनच पिशवीत राहील आणि पॉवर बँक लोणंदच्या मुक्कामी भरून घ्यायची, असे ठरले आहे.