क्लासिक रॉक: उगाच डोक्यावर घेतलेले कोण आणि कुणी विचारलंच नाही असे कोण?

खर्जातला_बाळ्या:
मंडळी, काल रात्रीपासून डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. पुण्यात एका कव्हर बँडमध्ये (दुसऱ्यांची गाणी वाजवणारा) बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवतो, नोकरी वेगळी, हे फक्त शनिवारचं. काल पहिल्या तासात टिश्यूपेपरवर लिहून तीन फर्माइशी आल्या, तीन वेगवेगळ्या टेबलांवरून, आणि तिन्ही 'हॉटेल कॅलिफोर्निया'. वाजवलं. शेवटचा सोलो सुरू झाला तर आख्खं गिऱ्हाईक तोंडाने ट्यँऽऽ ट्यँऽऽ करत गिटार वाजवतंय. तर माझं मत, हे गाणं ज्यांचं तो ईगल्स हा आपल्याकडचा सगळ्यात ओव्हररेटेड बँड. वाईट नाहीत, पण एवढे पण नाहीत.

अंडररेटेड म्हणाल तर क्वीनचा बेसवाला जॉन डीकन. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं नाव निघालं की आपली कॉलर लगेच ताठ, पाचगणीच्या शाळेत होता म्हणून, ते ठीकच आहे. पण 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिलं कुणी? डीकनने. 'आय वाँट टू ब्रेक फ्री'? डीकनच. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस, कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डातून छोटासा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) बनवला आणि क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे तो वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरत राहिला. फ्रेडी गेल्यावर काही वर्षांनी गडी जो गप घरी बसला तो बसलाच. तुमचे कोण ते सांगा, भांडा पण आईबाप काढू नका.

डग्गा_ते_डबलपेडल:
राग टिश्यूपेपरचा आहे, तो ईगल्सवर कशाला काढतोस? त्या सोलोत दोघं आहेत, डॉन फेल्डर आणि जो वॉल्श, आधी आलटून पालटून आणि मग जोडीने, तुमच्या बँडमध्ये एकच गिटारवाला दोघांचं ओढत असणार म्हणून तुला कंटाळा येतो. आणि मूळ चाल फेल्डरची, त्यालाच २००१ मध्ये बँडबाहेर काढलं. घे, तुझ्या ओव्हररेटेड बँडमध्येच एक अंडररेटेड निघाला.

अंडररेटेडसाठी माझं मत बीटल्सच्या ड्रमर रिंगोला. मी तबल्यावरून ड्रम्सवर आलो, तेव्हा मीही त्याला हसायचो की नशीब काढलं लेकाने. मग शिकवणाऱ्या सरांनी त्यांचं 'कम टुगेदर' वाजवायला सांगितलं. रिंगो डावखुरा, पण सेट उजव्या माणसासाठी मांडतो तसाच मांडलेला, त्यामुळे टॉम्सवरून (सेटमधले लहानमोठे ढोल) फिरायला लागला की आपले हात जिथे सुरू होतील तिथे त्याचे होत नाहीत. ते लुडकत गेल्यासारखं जे वाटतं ना, ते तिथून येतं. सुरांच्या बाबतीत सांगायचं तर मला कळत नाही, पण ठेक्यात तो कुणासारखाच नाही.

रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्सचं पण बघा, स्नेअरवर (मधला कडक आवाजाचा ड्रम) काठी पडायची त्या मात्रेला हायहॅट (झांजांची जोडी) मारायचाच नाही, हात वर उचलून घ्यायचा. मी घरी करून बघितलं, पाच मिनिटांत दोन्ही हातांची भांडणं.

चकली_आणि_चहा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लेड झेपेलिन बँडवाले भांडायला आले की उठवा.

जुनी_कॅसेट:
आम्ही मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव ऐकलेली पिढी, त्यामुळे थोडं ऐकून घ्या. रोरी गॅलाघर हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? आयर्लंडचा गिटारवाला. १९६३ मध्ये कॉर्कच्या दुकानातून शंभर पौंडांची स्ट्रॅटोकास्टर गिटार हप्त्यांवर घेतली आणि तीच जन्मभर वाजवली. घामाने रंग उडून खालचं लाकूड उघडं पडलं, फोटो बघा, आमच्या चाळीचं दार बरं वाटेल त्यापुढे. १९७४ च्या जानेवारीत बेलफास्टला जाऊन वाजवला, बाँबस्फोट चालू होते, बाहेरचे बँड तिकडे फिरकत नव्हते. मित्राच्या भावाकडून भरून आणलेली त्याच्या लाइव्हची कॅसेट होती माझ्याकडे, एक बाजू टेपने खाल्ली, पेन्सिलीने गुंडाळून परत ऐकली. १९९५ मध्ये गेला बिचारा, ४७ वर्षांचा. गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनला देव म्हणणाऱ्यांनी हा आधी ऐकावा, मग देव ठरवावा.

उधारीचा_ब्लूज:
आलो. चकलीवाले, उठा. ओव्हररेटेड: लेड झेपेलिन. त्यांच्या 'होल लॉटा लव्ह'वर, आपलं गाणं उचललं म्हणून, ब्लूजवाल्या विली डिक्सनने केस केली, तडजोड झाली १९८७ मध्ये. दुसरा ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं उचललं तिथेही मिटवामिटवी. ज्यांच्या जिवावर दुकान चाललं त्यांची नावं कव्हरवर कोर्टाच्या धाकाने आली. वाजवतात छान, नाही कोण म्हणतं, पण 'सगळं ह्यांनीच शोधलं' हे मला झेपत नाही.

खर्जातला_बाळ्या:
@उधारीचा_ब्लूज, क्रेडिटचं शंभर टक्के मान्य. पण मग झेपेलिनच्याच जॉन पॉल जोन्सचं काय करू सांग? 'ब्लॅक डॉग'ची ती अडखळवणारी रिफ (परत परत येणारा सुरांचा तुकडा) त्याची, बेस तो, कीबोर्ड तो, मँडोलिन पण तोच, आणि झेपेलिनच्या आधी स्टोन्सच्या 'शी इज अ रेनबो'ची व्हायोलिनं बसवून दिली ती पण ह्यानेच. १९७२ ला झेपेलिनने मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर दोन गाणी रेकॉर्ड केली तेव्हा पण फक्त गिटारवाला पेज आणि गायक प्लांट. जोन्स नाहीच! ऐकायला मिळालं २०१५ ला.

पायपेटी:
सगळे गिटार आणि ड्रम, पेटीवाल्यांना कुणी वाली नाही. पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिक राइट. लोक त्याच बँडमधल्या गिलमोर की वॉटर्स ह्यावर रात्र काढतात, पण 'द ग्रेट गिग इन द स्काय'चे ते पहिले पियानोचे सूर ह्याचे. 'द वॉल' अल्बमच्या वेळी बँडमधून काढलं, मग शोजना पगारी वादक म्हणून घेतलं, शोज तोट्यात गेले आणि बाकीच्यांच्या खिशातून गेले, पगार मिळाला तो एकट्या राइटला. एवढं गोड काही मी वाचलं नाही.

आणि त्याच गाण्यात शब्दांशिवाय जी गाते ती क्लेअर टोरी, १९७३ च्या त्या रेकॉर्डसाठी तिला ३० पौंड मिळाले. तीस! २००५ मध्ये तडजोड होऊन तिचं नाव गाणं रचणाऱ्यांत लागलं. तानपुऱ्यावर बसलेल्या बाईने अख्खी मैफल मारून न्यावी आणि पाकिटात शंभराची नोट, तसं.

डग्गा_ते_डबलपेडल:
पायपेटी, हे आधी माहीत नव्हतं. आत्ता हेडफोन लावून ऐकतोय.

खर्जातला_बाळ्या:
अपडेट. ह्या शनिवारी आमच्या ड्रमरला चार्ली वॉट्सचं ते सांगितलं, दुसऱ्या गाण्यात काठी सुटून समोरच्या टेबलवरच्या मसाला पापडात. तिथल्याच माणसाने काठी परत आणून दिली, टिश्यूपेपरात गुंडाळून. टिश्यूवर काय लिहिलं होतं ते सांगत नाही.